स्थलांतरित मंदिरे : आस्वान येथील अर्ध्या दिवसाची पाहणी

इजिप्तच्या सहलीत आस्वान या गावाच्या वाट्याला बहुधा अर्धाच दिवस येतो. कैरोजवळचे पिरॅमिड झालेले असतात, लक्सरची भव्य देवालये व्हावयाची असतात. मधल्या एका सकाळी पाच-सहा तासांत उच्च धरण, नवे कलाब्शा आणि फिले येथील आयसिस देवीचे मंदिर अशी तीन स्थळे उरकावी लागतात. हैदराबादच्या आम्हा निवृत्त मंडळींनाही हाच कार्यक्रम मिळाला. पब्लिक गार्डन्समधील संग्रहालयात काचेच्या पेटीतील ममी लहानपणापासून पाहिलेली असल्याने इजिप्त म्हणजे मृतांचा देश अशी आमच्यापैकी अनेकांची समजूत होती. आस्वानला मात्र आमची गाठ वेगळ्याच विषयाशी पडली. तो विषय म्हणजे भूसंपादन, बुडीत क्षेत्र आणि पुनर्वसन. प्रस्तुत लेखकाच्या सरकारी सेवेतील काही वर्षे याच कामात गेली असल्यामुळे देवळांकडे पाहताना आमची दृष्टी थोडी वाकडी झाली असेल, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमचा वाटाड्या इतिहासाचा पदवीधर होता आणि आपल्या विषयात निष्णात होता. सकाळी सातला त्याने आम्हांला प्रथम उच्च धरणावर नेले. हे धरण पाहण्यासारखे नाही, समजून घेण्यासारखे आहे. माती आणि दगड यांचा हा बांध सुमारे ३.८ किलोमीटर लांब, १११ मीटर उंच आणि पायथ्याशी ९८० मीटर रुंद आहे. बांधकाम १९६० मध्ये सुरू होऊन १९७० मध्ये पूर्ण झाले. मागे जो जलाशय पसरला तो सुदानमधील भागासह सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा आहे. धरणाच्या पैशासाठीच नासर यांनी १९५६ मध्ये सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, आणि पुढे सोव्हिएत साहाय्याने काम पार पडले, हे आमच्या पिढीला वर्तमानपत्रांतून ठाऊक आहेच.

परंतु या नदीवरचे हे पहिले धरण नव्हे. याच्या खालच्या अंगाला सहा-सात किलोमीटरवर ब्रिटिशांनी १८९८ ते १९०२ या काळात बांधलेले जुने दगडी धरण आहे. त्याचा आराखडा विल्यम विलकॉक्स या अभियंत्याचा. हा गृहस्थ भारतात जन्मलेला, रुडकीच्या महाविद्यालयात शिकलेला आणि आपल्याकडील पाटबंधारे खात्यात काम करून १८८३ मध्ये इजिप्तला गेलेला. म्हणजे नाईलवरच्या पहिल्या मोठ्या बांधाची विद्या काही अंशी गंगेच्या कालव्यांवरून गेली, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्या मूळ योजनेत बांधाची उंची अधिक होती. तेवढे पाणी अडवले तर फिलेचे मंदिर बुडेल म्हणून युरोपातील विद्वानांनी मोठी ओरड केली, आणि उंची कमी करण्यात आली. त्याच पाण्याखाली जाणाऱ्या न्यूबियन शेतांसाठी अशी ओरड झाल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही. पुढे १९०७ ते १९१२ आणि १९२९ ते १९३३ या काळांत बांध दोनदा वाढवला गेला, तेव्हा मंदिराचीही गय झाली नाही.

धरणाच्या पश्चिम टोकाजवळून मोटरबोटीने पाच-दहा मिनिटांत नव्या कलाब्शाला जाता येते. येथे प्रवासी कमी येतात. आमच्या वेळी तर पहारेकरी आणि एक कुत्रा यांच्याखेरीज कोणी नव्हते. रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात उभारलेले हे मंदिर मंडुलिस नामक न्यूबियन देवाचे आहे. धरणाच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर ते मूळचे होते. १९६२-६३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या पथकाने ते सुमारे १३,००० शिळांत उकलून येथे आणले आणि पुन्हा रचले. उकलताना एक मौज झाली. भिंतींच्या आतून आणखी जुन्या बांधकामाच्या शिळा निघाल्या. त्यांतून जुळलेला एक दरवाजा इजिप्तने कृतज्ञता म्हणून जर्मनीला दिला, तो आता बर्लिनमध्ये आहे. अशीच देवळांची वाटणी इतरत्रही झाली. देन्दूरचे मंदिर न्यूयॉर्कला, देबोदचे माद्रिदला, ताफेचे हॉलंडमधील लायडनला, एल-लेसियाचे तुरिनला गेले. ज्यांनी बचावकार्यास हात दिला त्यांना देऊळच भेट देण्याची ही रीत जगाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

मंडुलिस हा देव लक्षात ठेवावा, कारण पुढे फिलेला तो पुन्हा भेटणार आहे. तत्पूर्वी शेजारच्या टेकाडावरचे 'बैत अल-वली' हे दुसऱ्या रामसेसचे छोटे लेणे पाहून घ्यावे. बैत अल-वली म्हणजे संताचे घर; हे नाव अर्थातच फार नंतरचे. अंगणाच्या भिंतीवर फारोसमोर न्यूबियातून आलेला करभार मांडलेला आहे. त्यात हस्तिदंत आहे, चित्त्याची कातडी, गुरे, माकडे आणि जिराफही आहेत. त्याच भिंतीवर रथारूढ राजा न्यूबियन लोकांना पळवून लावतो आहे. तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या सरकारी दप्तरात न्यूबियन माणसाची नोंद करदाता किंवा शत्रू अशा दोनच सदरांत आढळते. कारागिरी मात्र इतकी नाजूक की पळणाऱ्यांच्या वाडीतली चूल आणि झाडाखालची बाईसुद्धा त्याने सोडलेली नाही.

त्याच आवारात गेर्फ हुसेन येथून आणलेले रामसेसचे काही पुतळे व खांब उभे आहेत. त्या मंदिराचा मागचा भाग खडकात कोरलेला होता. तो हलवता आला नाही, पाण्याखाली गेला. वाटाड्याने हे आम्हांला सांगितले नाही. त्याच्याकडे वेळ नव्हता.

फिलेला जाण्यासाठी परत येऊन जुन्या आणि नव्या धरणाच्या मधल्या पाण्यात शेल्लालच्या धक्क्यावरून बोट घ्यावी लागते. येथे नावाडी बहुतेक न्यूबियन असतात. बोट वळसा घेते आणि एकाएकी खडकाळ बेटावर पिवळसर दगडांचे अवघे देवस्थान समोर येते. पाण्यापासूनच सुरू होणाऱ्या स्तंभांच्या दोन रांगा, गोपुरांची आठवण करून देणारे जोडमनोरे आणि उजवीकडे सम्राट ट्राजानच्या नावाने ओळखला जाणारा छप्पर नसलेला मंडप, हे सारे एकदमच दिसते. अभिजात सौंदर्य म्हणतात ते हेच. मात्र ज्या बेटावर आपण उतरतो ते फिले नव्हे. त्याचे नाव अगिल्किया. फिले बेट जवळच पाण्याखाली आहे.

या देवस्थानाचे महत्त्व कशात होते? समोरच्या बिगा नावाच्या बेटावर ओसायरिस देवाचा पाय पुरला आहे, अशी श्रद्धा होती. सेत या भावाने ओसायरिसला मारून त्याच्या देहाचे तुकडे केले, पत्नी आयसिसने ते देशभर हिंडून गोळा केले, ही कथा सर्वपरिचित आहे. त्यामुळे दर दहा दिवसांनी फिलेची आयसिस नावेतून पतीच्या समाधीकडे जाई आणि तेथे दुधाचे अर्घ्य दिले जाई. बिगावर सामान्य माणसास पाऊल ठेवण्याची मनाई होती. पंढरपूरच्या किंवा जेजुरीच्या देवांच्या भेटीगाठी, पालख्या, रुसवेफुगवे ज्यांना ठाऊक आहेत त्या मराठी वाचकास यात परके काही वाटू नये. मंदिराच्या पश्चिमेस सम्राट हॅड्रियनच्या नावाचे एक द्वार आहे. ते याच जलयात्रेच्या वाटेवरचे. त्यावर खडकाखालच्या गुहेत सर्पाच्या वेढ्यात बसून दोन घटांतून पाणी ओतणारा नाईलदेव कोरलेला आहे. अगिल्कियावर मंदिर रचताना अभियंत्यांनी बेटाचा माथा कापून त्याला जुन्या फिलेसारखा आकार दिला, इमारतींच्या परस्परांतील जागा जपल्या. बिगा मात्र हलवता येण्यासारखे नव्हते. द्वाराचा आणि समाधीचा जुना संबंध आता नकाशावर समजून घ्यावा लागतो.

याच हॅड्रियनच्या द्वारात, चटकन नजरेत न भरणाऱ्या जागी, मंडुलिस देवाची एक ओबडधोबड आकृती आहे. तिच्याशेजारी आयसिसचा एक पुजारी एस्मेत-अखोम याने आपला लेख खोदला. ओसायरिसच्या जन्मदिनी लिहिलेल्या त्या लेखाची तिथी इ.स. ३९४ च्या २४ ऑगस्टला येते. इजिप्तच्या चित्रलिपीतील हा आज ज्ञात असलेला शेवटचा दिनांकित लेख होय. साडेतीन हजार वर्षे चाललेली लिपी येथे थांबली. तिच्याच कुळातील डेमॉटिक नावाची प्रवाही लिपी आणखी थोडी टिकली. तिचाही शेवटचा लेख फिलेचाच, इ.स. ४५२ चा. हा मजकूर लिहिताना आपल्यामागून ही लिपी वाचणारा कोणी उरणार नाही, याची त्या पुजाऱ्याला कल्पना असेल काय? आम्हांला तरी ती असावी असे वाटते, कारण त्याने आपला लेख देवाजवळ सर्वकाळ राहावा अशा अर्थाचे शब्द त्यात घातले आहेत.

इजिप्तमध्ये सर्वत्र देवळे बंद पडत असता फिलेच का तगले, याचे उत्तर दक्षिणेकडच्या लोकांत आहे. सम्राट थिओडोसियसने चौथ्या शतकाच्या अखेरीस जुनी पूजाअर्चा बंद करण्याचे हुकूम काढले होते. पण सरहद्दीपलीकडच्या ब्लेमी आणि नोबाद या जमाती आयसिसच्या भक्त होत्या, आणि त्यांना दुखावणे सैन्याला परवडणारे नव्हते. इ.स. ४५० नंतर लवकरच रोमन सरकारने त्यांच्याशी तह केला. त्यात त्यांना फिलेला दर्शनास येण्याची आणि देवीची मूर्ती काही काळ आपल्या मुलखात नेऊन परत आणण्याची मुभा होती. पुढे सुमारे ८० वर्षांनी सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने नार्सेस या सेनापतीने मंदिर बंद केले, पुजाऱ्यांना कैद केले आणि मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला पाठवल्या. दर्शनी सभामंडपाचे संत स्टीफनच्या चर्चमध्ये रूपांतर झाले. स्तंभांवर खोदलेले क्रूस आजही स्पष्ट दिसतात, आणि अनेक देवतांचे चेहरे टाचलेले आहेत. वाटाडे हा भाग दोन वाक्यांत उरकतात. आमचा आग्रह असा की प्रवाशाने येथे थांबावे. इजिप्तच्या प्राचीन धर्माचा अंत एका सरकारी आदेशाने, एका ठरावीक इमारतीत, जवळजवळ एका ठरावीक वर्षी झालेला दाखवता येतो, असे हे एकमेव स्थान आहे. आणि त्या धर्माचे अखेरचे राखणदार फारोंचे वंशज नव्हते, तर ज्यांना बैत अल-वलीच्या भिंतीवर पळताना दाखवले आहे त्यांच्याच मुलखातले लोक होते.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी आणखी एक गोष्ट नमूद करतो. फिलेच्या मंदिरासमोर एक एकाश्म स्तंभ होता. विल्यम बँक्स या इंग्रज गृहस्थाला तो १८१५ मध्ये आढळला आणि बेल्झोनी या धाडसी इटालियनाच्या मदतीने त्याने तो इंग्लंडला नेला. तो तेथेच डॉर्सेट परगण्यातील एका वाड्याच्या बागेत उभा आहे. त्यावरील 'टॉलेमी' व 'क्लिओपात्रा' या नावांच्या चित्राक्षरांचा शांपोलियाँ यास १८२२ मध्ये लिपी उलगडताना मोठा उपयोग झाला. पण त्याच्या पायथ्यावरचा ग्रीक मजकूर काय आहे? तो आहे पुजाऱ्यांचा राजाकडे केलेला अर्ज, इ.स.पू. ११८ च्या सुमाराचा. दौऱ्यावर येणारे सुभेदार, लेखनिक, पहाऱ्यावरचे सैनिक आणि त्यांचा लवाजमा आमच्याकडे उतरतात, सारा खर्च मंदिरावर पडतो, आणि देवाच्या नैवेद्याला काही उरत नाही, अशी ती तक्रार आहे. राजाने अर्ज मंजूर केला आणि यापुढे पुजाऱ्यांना कोणी त्रास देऊ नये असा हुकूम दिला. पुजारी शहाणे, त्यांनी तो कागदावर न ठेवता दगडावर कोरून दाराशी उभा केला. डाकबंगल्यातल्या कोंबडीचा हिशेब आठवून आमच्यातील दोघे-तिघे मनसोक्त हसले.

आता बुडीताकडे येतो. १९०२ नंतर फिलेचे मंदिर वर्षातील बराच काळ पाण्यात राहू लागले. उन्हाळ्याच्या अखेरीस पुराचा गाळ जाऊ देण्यासाठी धरणाचे दरवाजे उघडत, तेव्हा ते वर येई. भिंतींवरचे रंग धुऊन गेले. फ्रेंच लेखक पिएर लोती याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच फिलेच्या मृत्यूवर पुस्तक लिहिले. उच्च धरण झाल्यावर हे बेट दोन धरणांच्या मध्ये सापडले, आणि पाण्याची पातळी रोज वरखाली होऊ लागली. वर्षातून एकदा बुडण्यापेक्षा हे दगडाला अधिक घातक होते. युनेस्कोने ८ मार्च १९६० रोजी न्यूबियाच्या वास्तूंसाठी जगाला आवाहन केले होते. अबू सिंबेलची लेणी १९६४ ते १९६८ या काळात कापून ६५ मीटर वर नेण्यात आली. फिलेची पाळी शेवटी आली. १९७२ पासून बेटाभोवती पोलादी पत्र्यांच्या दोन रांगा ठोकून त्यांत वाळू भरली, आतले पाणी उपसले, गाळ धुतला, आणि मग चाळीस हजारांच्या आसपास शिळांना क्रमांक देऊन, मोजून, उचलून अगिल्कियावर पुन्हा रचले. १० मार्च १९८० रोजी समारंभ झाला. या कामाबद्दल आमच्या मनात निखळ आदर आहे. सांधा कोठे आहे ते शोधावे लागते.

या बचावकार्यात भारताचाही वाटा होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये न्यूबियातील अफिया येथे उत्खनन केले आणि पाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष उजेडात आणले. ज्या काळात आपण स्वतः नागार्जुनकोंड्याचे अवशेष कृष्णेच्या पाण्यातून वाचवून टेकडीवर रचत होतो, त्याच काळात आपली माणसे नाईलवरही तेच काम करत होती.

परतीच्या बोटीत आम्ही वाटाड्याला विचारले, "दगडांना क्रमांक दिले, ते कळले. माणसांचे काय झाले?" तो म्हणाला, "त्यांना उत्तरेला नवी घरे दिली, साहेब." आणि घड्याळ पाहिले. उत्तर चुकीचे नव्हते. ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या नऊ महिन्यांत इजिप्तमधील सुमारे ५०,००० न्यूबियनांना कोम ओम्बो परिसरात हलवण्यात आले, आणि जवळपास तितक्याच लोकांना सुदानमध्ये खश्म अल-गिर्बा येथे. नदीकाठाने तीनशे किलोमीटरहून अधिक लांब पसरलेली गावे एका आटोपशीर पट्ट्यात बसवली गेली. हा पट्टा नदीपासून दूर आहे. जुनी न्यूबियन घरे ऐसपैस अंगणाची, पांढऱ्या भिंतींवर रंगीत नक्षी आणि चिनी मातीच्या बशा बसवलेली असत. एका कुळाची घरे शेजारी-शेजारी, दारे नाईलकडे. नवी घरे कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार वाटली, म्हणजे दोन खोल्यांची एका ओळीत, चार खोल्यांची दुसऱ्या. कारकुनी दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. आम्हीही असे तक्ते केले आहेत. परंतु तिचा परिणाम असा झाला की म्हातारे आईबाप एका टोकाला आणि मुलगा दुसऱ्या टोकाला पडला. आरंभीच्या काळात रोगराईने लहान मुले आणि वृद्ध फार दगावले, हे तेथे काम केलेल्या समाजशास्त्रज्ञांनी लिहून ठेवले आहे. निघण्यापूर्वी लोकांनी घरे झाडली, पूर्वजांच्या कबरींवर पाणी शिंपडले आणि मूठभर माती बरोबर घेतली. नव्या वसाहतींना जुन्याच गावांची नावे दिली. म्हणून आज कलाब्शा नावाचे देऊळ जलाशयाकाठी आहे आणि कलाब्शा नावाचे गाव कोम ओम्बोच्या बाजूला.

आम्ही धरणाच्या विरोधात लिहीत नाही. १९८० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत दुष्काळ पडला, इथिओपियात माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा इजिप्तची शेती या जलाशयानेच तारली. हे ज्याला नाकारायचे असेल त्याने खालच्या शेतकऱ्याला विचारून यावे. आमचे म्हणणे मूल्यांकनाच्या तक्त्यापुरते आहे. आमच्या नोकरीच्या काळात बुडीत गावाच्या तक्त्यात घर, विहीर, आंबा, चिंच यांना रकाने असत. एका गावी एका म्हातारीने आम्हांला विचारले होते, "साहेब, पाराचे किती देणार?" पाराला रकाना नव्हता. फिलेच्या तक्त्यात मात्र प्रत्येक शिळेला रकाना होता, आणि तिच्या शेजारी कोणती शिळा असावी याचीही नोंद होती. जी दक्षता दगडांच्या शेजाराबद्दल घेता आली ती माणसांच्या शेजाराबद्दल का घेता आली नाही, याचे उत्तर पैशांच्या अभावात आहे असे आम्हांला वाटत नाही. शिळांसाठी जगभरचे तज्ज्ञ आपापल्या सरकारांकडे भांडत होते. माणसांसाठी भांडणारे फक्त तीच माणसे होती, आणि त्यांतले बरेच पुरुष कैरोत स्वयंपाकी किंवा दरवान म्हणून नोकरीला होते.

त्यांचे भांडण संपलेले नाही. इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेतील २३६ व्या कलमात न्यूबियाच्या रहिवाशांना त्यांच्या मूळ भूभागात परत आणण्याच्या योजना १० वर्षांत राबवण्याचे वचन आहे. ती मुदत २०२४ मध्ये उलटली. तसे परतणे झालेले नाही.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन सूचना. पहिली ही की आस्वानमध्ये १९९७ पासून न्यूबियाचे चांगले संग्रहालय आहे. ते अर्ध्या दिवसाच्या सहलीत धरलेले नसते, तेव्हा स्वतंत्रपणे पाहावे. दुसरी अशी की फिलेहून परतताना नावाड्याला सांगून बोट थोडी दक्षिणेला घ्यावी. आमचा नावाडी वयस्क होता, हिशेबी इंग्रजी बोलणारा. त्याने हात वर करून पाण्याबाहेर आलेल्या गंजक्या पोलादी पत्र्यांची रांग दाखवली. मंदिर उचलण्यासाठी घातलेल्या बांधाचे ते अवशेष, म्हणजे जुन्या फिलेची सीमारेषा. तुमचे गाव कोठले, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने प्रथम कोम ओम्बोकडचे नाव सांगितले, आणि मग त्याच नावाच्या दुसऱ्या गावासाठी उलट बाजूला, उच्च धरणाच्या भिंतीकडे, बोट केले.